जाळीच्या खाली

नरकचतुर्दशीची पहाट. साडेचार वाजले असतील. पाटाभोवती रांगोळी काढून झाली होती, उटणं भिजवून ठेवलं होतं आणि आमच्या घरातलं कुणीही अजून आंघोळीला गेलेलं नव्हतं. तरी न्हाणीघरात घोटाभर पाणी होतं. त्यावर फेस तरंगत होता आणि त्या फेसाला कचोऱ्याचा, नागरमोथ्याचा वास येत होता. वरच्या मजल्यांवरच्या अभ्यंगस्नानांचं पाणी आमच्या जाळीतून गुडगुडत वर येत होतं. मध्येच एखादा बुडबुडा फुटायचा आणि उटण्याच्या वासात आंबलेल्या खरकट्याचा वास मिसळायचा. पाणी उंबऱ्याला टेकायला दोन बोटं राहिली तेव्हा सासूबाईंनी जुन्या गोधड्या दारात टाकल्या आणि मुलगा जिन्यावरून धावत, दारं वाजवत वर गेला, नळ बंद करा म्हणून सांगायला.

आम्ही डोंबिवलीत तळमजल्यावर राहतो. तळ अधिक चार मजले, तीसेक वर्षांची इमारत. वरच्या चार घरांचं मोरीचं आणि सिंकचं पाणी एका उभ्या पाइपातून आमच्या भिंतीमागून खाली येतं. इतकी वर्षं ते रोज जात होतं आणि ते कुठं जातं हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या पहाटेनंतर मात्र वर्षभर हाच एक प्रश्न घेऊन मी लोकांच्या मागं लागले. हा लेख त्यातून झाला.

प्लंबर आठ वाजता आले, सणाच्या दिवशी, पुढ्यातलं फराळाचं ताट बाजूला सारून. आत पाऊल टाकायच्या आधी त्यांनी विचारलं, “वहिनी, आत काही टाकलंय का? पावडर, अ‍ॅसिड? असेल तर आत्ताच सांगा.”

काही टाकलं नव्हतं. तेव्हा कुठं त्यांनी बाह्या वर केल्या. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी पांढरट, आक्रसलेली होती. एका घरी रात्री तुंबलेल्या मोरीत कॉस्टिक सोडा ओतला होता आणि सकाळी यांना बोलावलं तेव्हा ते सांगायचं राहून गेलं. त्यांनी नेहमीसारखा जाळी काढून हात घातला.

ही गोष्ट मी त्यानंतर भेटेल त्याला सांगत आले आहे, कारण मोरी तुंबली की आपला पहिला हात त्या पुडीकडेच जातो. कॉस्टिक केस आणि चरबी विरघळवतो हे खरं. पण पाणी साचलेलं असताना तो वरच्या पाण्यातच विरघळतो, ते पाणी भयंकर तापतं आणि मूळ बोळ्यापर्यंत त्यातलं थोडंच पोचतं. कमी पाण्यात पडला तर तळाशी दगडासारखा घट्ट बसतो. मग दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यावर अ‍ॅसिड ओततं आणि सगळं उसळून तोंडावर येतं. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि आपली न्हाणीघरं असतात चार बाय पाच फुटांची, दार लावलेली. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा उपाय निरुपद्रवी आहे, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं ते जवळजवळ साधं खारट पाणी. फेस बघून समाधान वाटतं, एवढंच.

प्लंबरांनी आधी न्हाणी ट्रॅपची वाटी उपसली. वाटी म्हणजे जाळीखाली उलटी बसवलेली ती टोपी. त्यामुळं ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी कायम साठून राहतं आणि खालच्या गटाराची हवा घरात येत नाही. सिंकखालचा वाकडा पाइप, बेसिनखालचा बॉटल ट्रॅप, संडासाच्या भांड्याचं वळण, सगळ्यांचं तत्त्व हेच: वाटेत थोडं पाणी अडवून ठेवायचं आणि त्या पाण्याचंच झाकण करायचं. हे वळण संडासाला लावून त्याचं पेटंट १७७५ साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग यांनी घेतलं. ते व्यवसायानं घड्याळजी होते. अडीचशे वर्षं झाली, त्या वळणाला पर्याय निघालेला नाही.

पण हे झाकण पाण्याचं असल्यानं ते वाळतं. मे महिन्यात महिनाभर गावी जाऊन परत आलं की बंद घरात जो कुबट, नासका वास येतो तो याचाच. ट्रॅप कोरडा पडलेला असतो आणि खालची लाइन थेट घरात उघडलेली असते. त्यावर उपाय एक तांब्या पाण्याचा. न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघरात आठवड्याला तेवढं पाणी ओतलं की पुरतं. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली. तपासात जी कारणं पुढं आली त्यांत न्हाणीघरांच्या जमिनीवरचे कोरडे पडलेले ट्रॅप होते. लोक फरशी धूत नव्हते, पुसत होते, त्यामुळं ट्रॅपमध्ये पाणीच जात नव्हतं. त्यात हवा बाहेर फेकणारा पंखा लावला की तो खालच्या पाइपातली दूषित हवा घरात ओढून घेत होता. आपल्याकडं फरशीवर पाणी ओतून खराट्यानं मोरी घासायची जी सवय आहे, ती मोडू नये असं मला तेव्हापासून फार वाटतं.

आमचा ट्रॅप साफच निघाला. मग स्प्रिंग घातली. ती लांब लोखंडी वेटोळ्याची तार पंधराएक फूट गेली आणि अडली. प्लंबर उठले आणि मागच्या गल्लीत गेले. “गली ट्रॅप कुठंय तुमचा?”

कुणालाच माहीत नव्हतं. सेक्रेटरींना नाही, वॉचमनला नाही, तीस वर्षं राहणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनाही नाही. गल्लीत एकसारखे लाल-करडे पेव्हर ब्लॉक पसरले होते. तीन वर्षांपूर्वी सोसायटीनं हौसेनं ते बसवून घेतले तेव्हा आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं होतं. प्लंबर पहारीच्या टोकानं एकेक ब्लॉक ठोकत निघाले. उभ्या पाइपापासून दोन पावलांवर आवाज पोकळ आला. तीन ब्लॉक उचलले. खाली वाळू, वाळूखाली सिमेंटचा थर आणि त्या थराखाली गली ट्रॅपची लोखंडी जाळी.

मोरीचं आणि सिंकचं पाणी चेंबरमध्ये जाण्याआधी या गली ट्रॅपमध्ये उतरतं. संडासाचा पाइप वेगळा असतो, तो सरळ चेंबरला जातो. गली ट्रॅप घराबाहेर, घराच्या फरशीपेक्षा खाली आणि उघड्या जाळीचा ठेवतात, कारण पुढची लाइन तुंबली तर पाणी तिथून गल्लीत बाहेर पडावं, घरात शिरू नये. आम्ही ती जाळीच सिमेंटनं बुजवली होती. पुढं वाट बंद, वर झाकण बंद. मग पाइपात चढणाऱ्या पाण्याला सापडेल ते सगळ्यात खालचं भोक म्हणजे आमची मोरी.

जाळी निघाल्यावर प्लंबरांनी आतला ऐवज एका पत्र्यावर काढून ठेवला. मी उकिडवी बसून तो नीट पाहिला. वर एक पांढरट-पिवळा गोळा होता, सोललेल्या नारळाएवढा, धुण्याच्या साबणासारखा टणक. खुरप्यानं फोडला तर आत केसांचा गुंता, त्या गुंत्यात भाताची शितं, चहाचा चोथा, नारळाची शेंडी आणि निरांजनाच्या दोन वाती, अजून पिळाच्या. गोळ्याखाली गाळ होता. सगळ्यात खाली करडी, लोण्यासारखी मऊ माती, म्हणजे शाडू. त्यावर पांढरी पूड आणि तिच्यात गुलाबी, जांभळ्या रेघा. खालून वर वाचत गेलं तर गणपती ते दिवाळी असा क्रम लागत होता.

यातलं काहीच कुणी वाईट हेतूनं टाकलेलं नव्हतं. घरच्या बादलीत शाडूच्या मूर्तीचं विसर्जन करणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण विसर्जनानंतरचं ते गढूळ पाणी मोरीत ओतलं की माती पुढच्या पहिल्या वळणावर बसते. पाणी दोन दिवस निवळू द्यावं, वरचं झाडांना घालावं, खालची माती उन्हात वाळवून कुंडीत टाकावी किंवा पुढच्या वर्षासाठी ठेवावी. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं दाखवलेल्या पद्धतीनं अमोनियम बायकार्बोनेट घालून घरी प्लास्टरची मूर्ती विरघळवतात, त्यात वरचं पाणी खत म्हणून चालतं, पण तळाशी चुनखडीचा गाळ उरतो. तोही मोरीत जाता कामा नये. रांगोळी म्हणजे तर दगडाचीच पूड. पाण्यात ती विरघळत नाही, पाइपात जाऊन बसते. झाडून घ्यावी आणि मग फरशी पुसावी, इतकं साधं आहे.

त्या पांढऱ्या गोळ्याची गोष्ट मात्र मोठी आहे. तेल-तूप पाइपात गेलं की थंड होऊन भिंतींना लागतं. सांडपाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग होऊन त्याचा एक प्रकारचा घट्ट साबण तयार होतो आणि पुढचं सगळं त्याला चिकटत जातं. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली गटारात असा एक गोळा सापडला, अडीचशे मीटर लांब, सुमारे १३० टनांचा. तो फोडून काढायला काही आठवडे लागले आणि त्याचा एक तुकडा नंतर तिथल्या शहराच्या संग्रहालयात मांडला गेला. तिथली चरबी तळलेल्या मांसाची, आपली चकलीच्या मोहनाची आणि साजूक तुपाची. रसायनशास्त्राला त्यानं फरक पडत नाही.

तुपकट भांड्यावर कढत पाणी ओतलं की ओशटपणा गेला असं वाटतं. तो वितळून दहा फूट पुढं गेलेला असतो, जिथं आपला हात पोचत नाही. शिवाय उकळतं पाणी पीव्हीसीच्या पाइपाला सोसत नाही. पाइप मऊ पडतो, सांधे ढिले होतात. भाताची पेज किंवा शेवयांचं कढत पाणी सिंकमध्ये ओतण्याआधी त्यात गार पाणी मिसळावं. आमच्या घरी आता कढई आधी वर्तमानपत्राच्या तुकड्यानं पुसली जाते आणि तो तुकडा कचऱ्यात जातो. सासूबाई त्यापुढं जातात. कढईत चिमूटभर बेसन भुरभुरवून ते सगळ्या अंगानं फिरवतात. तूप पिठात उतरतं आणि कढई कोरडी होते. ही युक्ती त्यांना त्यांच्या सासूकडून मिळाली. तेव्हा पाइपाचा प्रश्न नव्हता, भांडी घासायची राख वाचवायचा होता.

माझं माहेर रत्नागिरीजवळ. तिथल्या जुन्या घराची न्हाणी परसात होती, बाजूला पाणी तापवायचं चुलाणं. न्हाणीतलं पाणी दगडी पन्हळीतून आधी केळींना आणि मग अळवाच्या वाफ्याला जायचं. पन्हळीच्या तोंडाशी आजी काथ्याचा बोळा कोंबून ठेवायची आणि दर शनिवारी तो झटकून उन्हात टाकायची. मोरीत काय जातं यावर तिची करडी नजर असे, कारण तेच अळू दुपारी फतफत्यात शिजणार होतं. तेल जास्त गेलं की वाफ्यातली माती चिकट व्हायची आणि पाणी वर तुंबायचं. लगेच दिसायचं, लगेच कळायचं. फ्लॅटमध्ये आल्यावर पाणी भिंतीत गेलं. जाळीपाशी आपली नजर संपते आणि तिथंच जबाबदारीही संपते असं वाटायला लागतं. मला वर्षभरात जे कळलं त्यातलं मुख्य हेच आहे.

म्हणून जुनं ते सगळं बरं असं मात्र मी म्हणणार नाही. वाफा नसलेल्या घरांचं पाणी गल्लीतच साचायचं आणि डास त्यातच वाढायचे. गावोगावी उघडी गटारं बांधली गेली तेव्हा ते पाणी फक्त पुढच्या दारी सरकलं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरी शोषखड्डे करून हे मोडून काढलं, म्हणून त्या पद्धतीला नांदेड पॅटर्न म्हणतात. चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात मोठे दगड आणि वर भोकं पाडलेली सिमेंटची टाकी. मोरीचं पाणी त्या टाकीत येतं, गाळ आणि ओशट तिथं अडतं, पाणी जमिनीत मुरतं. उघड्यावर पाणी नाही म्हणून डास नाहीत. पण तिथंही टाकीतला गाळ ठरावीक दिवसांनी काढावाच लागतो, नाहीतर भोकं बुजतात आणि चांगला खड्डाही निकामी होतो.

मुंबईच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीतली मोरी म्हणजे कोपऱ्यातली वीतभर उंचीची कड. तिथंच भांडी, तिथंच पडदा ओढून आंघोळ, तिथंच पिण्याच्या पाण्याचं पिंप. दोन चाळींमधल्या हाउसगल्लीत सगळ्यांचं पाणी उतरायचं. १८९६ साली प्लेगचा पहिला रुग्ण मांडवीत डॉ. अकासिओ विएगस यांनी ओळखला आणि त्यानंतर शहराचं लक्ष या गल्ल्यांकडं आणि गटारांकडं वळलं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे कळायला अजून काही वर्षं जायची होती. गटारं कार्बोलिकनं धुतली जात होती. पण हवा-उजेड नसलेल्या वस्त्यांचा प्रश्न त्यातून उघडा पडला आणि १८९८ मध्ये शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला.

आज हाउसगल्ली गेली, तिच्या जागी डक्ट आला, आणि नव्या चुका आल्या. सगळ्यात सर्रास चूक म्हणजे बाल्कनीत वॉशिंग मशिन ठेवून त्याचं पाणी पावसाच्या पाइपाला जोडणं. मैल्याची वाट वेगळी आणि पावसाची वेगळी. पावसाचा पाइप शेवटी नाल्याला आणि नाला खाडीला. म्हणजे साबणाचं पाणी कुठल्याही शुद्धीकरणाशिवाय थेट खाडीत. दुसरी चूक दुरुस्तीच्या वेळची. फरशीवाले जाताना आपली घमेली, थापी आणि व्हाइट सिमेंटची बादली मोरीत धुतात. ते सिमेंट ट्रॅपमध्ये रात्रीत घट्ट होतं आणि नव्या टाइल्स फोडूनच बाहेर निघतं. प्लंबरांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांची निम्मी कामं घर नवं केल्यानंतरच्या महिन्यातली असतात. काम चालू असेपर्यंत जाळीवर पोतं दाबून ठेवावं आणि अवजारं बादलीत धुवायला सांगावं. सांगायला आपण तिथं उभं राहावं.

घरच्या घरी करण्यासारखं फार नाही, पण ते नेमानं करावं लागतं. न्हाणीची वाटी आठवड्याला उचलून केस काढायचे, वाटी घासून परत जागेवर बसवायची. वास आणि झुरळं येतात त्या बहुतेक घरांत ही वाटी काढून कुणीतरी फेकून दिलेली असते, पाणी लवकर जावं म्हणून. बेसिनखालचा बॉटल ट्रॅप हातानं फिरवून उघडतो. खाली बादली ठेवायला विसरायचं नाही आणि रबरी वायसर पडला तर तो जपायचा. सिंक महिन्यातून एकदा बूच लावून काठोकाठ भरायचं आणि एकदम सोडायचं. नळाच्या बारीक धारेला जे जमत नाही ते त्या लोंढ्याला जमतं. तुंबलंच तर रबरी पंप वापरावा, पण तो नुसता आपटून काही होत नाही. रबर बुडेल एवढं पाणी हवं आणि बेसिनचं ते वरचं छोटं भोक ओल्या फडक्यानं दाबून धरलेलं हवं, नाहीतर सगळा जोर तिथून निघून जातो. पंप दाबताना सावकाश, ओढताना झटक्यात.

घराबाहेरचा भाग सोसायटीचा, आणि तिथं माणसाच्या जिवाचा प्रश्न येतो. आमच्याकडं मागं सेप्टिक टँक आहे. दोन वर्षांपूर्वी तो भरला तेव्हा मिटिंगमध्ये कुणीतरी सुचवलं होतं, दोन माणसं उतरवू, स्वस्तात होईल. टाकीत साठलेला हायड्रोजन सल्फाइड वायू सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास देतो, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे धोका गेला असं उतरणाऱ्याला वाटतं आणि एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. २०१३ च्या कायद्यानं गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये असं जोखमीच्या सफाईसाठी माणूस उतरवण्यावर बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही बंदी सोसायटीलाही आहे. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. त्या मिटिंगमध्ये मी गप्प बसले होते. माणसं उतरली नाहीत, सक्शनची गाडी आली, पण ते माझ्या बोलण्यानं झालं नाही, याची टोचणी अजून आहे. गाडीसाठी महापालिकेकडं अर्ज करता येतो आणि १४४२० हा देशभरचा क्रमांक याच कामासाठी आहे.

त्या सकाळी आमचा उथळ, दोन फुटी चेंबरही प्लंबरांनी झाकण सरकवून बराच वेळ उघडं ठेवलं आणि स्वतः वाऱ्याच्या बाजूला उभे राहिले. बांबूच्या लांब पट्टीनं लाइन मोकळी झाली तेव्हा पाण्याचा एक मोठा घोट उतरल्यासारखा आवाज आला. आत न्हाणीघरात सासूबाई ओरडल्या, “गेलं, गेलं!”

दिवाळीनंतर दोन कामं केली. आमच्या मोरीची लाइन वरच्यांच्या पाइपापासून तोडून वेगळी नेली, सरळ चेंबरच्या बाजूच्या नव्या गली ट्रॅपला. तळमजल्याची लाइन वेगळीच असायला हवी होती, हे प्लंबरांनी त्याच सकाळी सांगितलं होतं. आडव्या पाइपाचा उतार त्यांनी दोरी लावून साधला, चाळीस फुटांना एक फूट या हिशेबानं. दुसरं काम कागदाचं. गल्लीत फिरून सगळे चेंबर, गली ट्रॅप, सेप्टिक टँकची झाकणं शोधून मी एक नकाशा काढला आणि तो प्लास्टिकमध्ये घालून मीटरच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवला. जाळीवर पेव्हर ब्लॉक परत बसवले नाहीत. तिथं आता जाळीचं लोखंडी झाकण आहे, पिवळ्या रंगानं आकडा घातलेलं. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, ती सगळी एकदा उघडून बघायची असं ठरलं आहे. पहिल्या वर्षी बघायला दुसऱ्या मजल्यावरचे आजोबाही काठी टेकत आले होते.

यंदा वसुबारसेच्या दिवशी मी चारही मजल्यांवर एकेक रिकामी बरणी दिली, तळणीचं उरलेलं तेल गार झाल्यावर भरून ठेवायला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी बरणी घेता घेता विचारलं, “आणि अनारशाचं तूप? तेही यातच?” तेही त्यातच.

नरकचतुर्दशीला मी चारलाच उठले. न्हाणीघरात दिवा लावला, जाळी काढली, वाटी उचलून पाहिली आणि बसवली. भिंतीमागून वरच्या कुणाच्या तरी पहिल्या तांब्याचं पाणी खळखळत खाली गेलं. मी जाळीपाशी कान नेला. बाहेर गल्लीत, पिवळ्या झाकणाखाली, ते पुढं सरकत असल्याचा आवाज येत होता.